आमच्या वडावरची वटवाघळं

वटवाघूळ हा प्राणी लोकांना आवडत नाही, हे मला मान्य आहे. त्याचं तोंड कुत्र्याच्या पिलासारखं गोड असतं, पण ते बघायला मान वर करून थोडं थांबावं लागतं, आणि तेवढी सवड आपल्याकडे कोणाला आहे? लोकांना दिसते ती गाडीच्या टपावरची घाण. मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोठा वड आहे. मी इथे राहायला आले तेव्हापासून त्यावर वटवाघळांची वस्ती होती. दिवसभर उलटी टांगलेली, ऊन चढलं की पंखांनी स्वतःला वारा घालणारी, जागेवरून एकमेकांशी कचाकचा भांडणारी. माझी खिडकी तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या समोर. दिवेलागणीला ती एकेक करून सुटायची आणि रेल्वेलाईन ओलांडून पश्चिमेच्या डोंगरांकडे जायची. विमा कंपनीतल्या नोकरीवरून घरी आले की चहाचा कप घेऊन मी त्यांना बघत बसायचे. त्यांची भांडणं टीव्हीवरच्या मालिकांपेक्षा बरी असायची.

त्या खिडकीत माझ्याबरोबर चहा पिणारी माझी मैत्रीण समोरच्या दारात राहते. शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. मी लग्न केलं नाही, तिचा संसार भरलेला. पण आमचं जमलं ते पहिल्या आठवड्यापासून. माझ्या घराची किल्ली तिच्याकडे, तिच्या घराची माझ्याकडे. तिच्या मुलाच्या लग्नात मावशी म्हणून मी मिरवले. माझी आई गेली तेव्हा घरातलं सगळं तिने बघितलं, मला एक शब्द बोलायची वेळ आणली नाही. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कोणी म्हणेल, असल्या बाईशी मैत्री केलीच कशाला. तिच्यासारखी मैत्रीण मिळायला नशीब लागतं, असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत होते.

वडाचं प्रकरण वटपौर्णिमेपासून सुरू झालं. तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका पूजेसाठी फांदी विकत आणायच्या. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी स्टेशनबाहेर भाजीवाल्यांच्या शेजारी वडाच्या फांद्यांचे ढीग लागतात, तुम्ही पाहिलेच असतील. बाई फांदी घरी आणते, कुंडीत खोचते, सूत गुंडाळते, आणि दुसऱ्या दिवशी ती फांदी कचऱ्याच्या डब्यात उलटी पडलेली असते. गल्लीच्या तोंडाशी जिवंत झाड असताना मेलेल्या फांदीची पूजा! मी एकदा चहा पिताना यावर बरंच तोंडसुख घेतलं. ऐन जूनमध्ये, झाडावर पक्ष्यांची पिल्लं असताना, कुठल्या कुठल्या वडांच्या फांद्या तोडून आणतात, आणि कशासाठी, तर नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून!

माझी मैत्रीण ऐकत होती. मग म्हणाली, "नुसती बडबड काय करतेस? चल, बायकांना खालीच आणू."

"मी सांगितलं तर कोण ऐकणार? माझ्याकडे दाखवायला नवरा नाही."

"माझ्याकडे आहे ना. मी सांगते."

आणि तिने खरंच सांगितलं. दारोदार गेली. पाय दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी झाडाजवळ खुर्च्या ठेवायचं ठरवलं. पहिल्या वर्षी बायका थोड्याच आल्या, पण नऊवारी आणि नथी बघून शेजारच्या सोसायट्यांतल्या बाल्कन्या भरल्या, आणि पुढच्या वर्षी त्याही खाली उतरल्या. हळूहळू आमच्या गल्लीत फांदी आणणं हे मागासपणाचं लक्षण ठरलं. मी पूजा करत नव्हते. मी खुर्च्या मांडायचे, आणि बायका घरी गेल्या की झाडाचं बघायचे.

झाडाचं बघायचं म्हणजे काय, तर अगदी साध्या गोष्टी. सूत दुसऱ्या दिवशी सकाळी कापून काढायचं, कारण हल्ली त्यात नायलॉनही येतं आणि पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. उदबत्त्या आणि निरांजनं मुळांवर नाही, बाजूच्या फरशीवर. खोडाला खिळे ठोकून वाढदिवसाचे बॅनर लावणाऱ्यांशी भांडायचं. गळलेली पानं झाडाखालीच राहू द्यायची. झाडूवालीला आम्ही दोघींनी विनवून तेवढा गोल सोडायला लावला होता, आणि त्या पानांत दिवसभर पक्षी काही ना काही उकरत असायचे. खोडावर रोखलेला सोसायटीचा हॅलोजन फाटकाकडे वळवून घेतला. गाड्या लावायची जागा थोडी सरकवली, म्हणजे टपावर घाण पडायची तक्रार बंद. दिवाळीत फटाके गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. एवढंच. यात कोणाचं काही गेलं नाही. वटवाघळं राहिली, तांबट पक्षी राहिले, उन्हाळ्यात वडाची लाल फळं पिकली की धनेश यायला लागले, आणि वाघळांनी फळं खाऊन टाकलेल्या बियांतून कंपाउंडच्या भिंतीत पुढचे वड उगवायचे ते निराळेच.

कोरोनाच्या काळात वटवाघळांची वाट लागायची वेळ आली होती. सगळा दोष त्यांच्यावर आला. खालच्या मजल्यावरचे एक काका फटाक्यांची माळ घेऊनच उतरले. तेव्हा माझ्या मैत्रिणीने तोंडाला पदर लावून त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, "काका, ती वर आहेत, आपण खाली आहोत. त्यांना हात लावायचा नाही, त्यांनी उष्टावलेलं फळ खायचं नाही, संपलं. फटाके लावलेत तर घाबरून सगळीकडे उडतील, मग काय कराल?" काका परत गेले. मी खिडकीतून बघत होते आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी तिच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. माझ्या पुरणपोळ्या फाटतात, तरी तिने खाल्ल्या.

मग तिच्या नवऱ्याचं दुखणं आलं. ते वर्ष मला नीट आठवतं. वटपौर्णिमेला ती नेहमीसारखी पूजेला उतरली. हिरवी नऊवारी, ताटात आंबे, जांभळं, फणसाचे गरे. ती खोडाला सूत गुंडाळत होती आणि वरून वटवाघळाची शीट तिच्या ताटात पडली, काही शिंतोडे पदरावर. बायका हसल्या. तीही हसली. मी ताट विसळून आणून दिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली आणि त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. मी तिच्याबरोबर बाहेरच्या बाकावर बसले होते. ती सारखी एकच म्हणत होती, "पूजा बाटली गं."

मी तिला समजावलं. ते कधीपासून सिगरेट ओढत होते, गोळ्या घ्यायला विसरत होते, हे सगळं तिलाही ठाऊक होतं. तिने मान डोलावली. ते बरे होऊन घरी आले, फिरायला जाऊ लागले, आणि मला वाटलं विषय संपला. फक्त चहाला आली की ती खिडकीकडे पाठ करून बसायला लागली. संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येतं, म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्याआधी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याला वडाची आठवण झाली. एवढ्या बायका एका जागी जमतात हे त्याच्या कानावर गेलं असणार. झाडाला पार बांधून देतो म्हणाला. फरशा, रेलिंग, रंगीत दिवे, आणि वर त्याच्या नावाची पाटी. सोसायटीत मीटिंग झाली. मी उठून सांगितलं की मुळांवर काँक्रीट ओतलं तर झाडाला पाणी मिळणार नाही, आणि दिवे लागले तर वटवाघळं राहणार नाहीत. कोणीतरी मागून म्हणालं, "मग बरंच की!" हशा पिकला. मी माझ्या मैत्रिणीकडे बघितलं. एरवी अशा वेळी तीच पहिली उठायची. ती चष्मा पुसत होती.

घरी येताना जिन्यात मी विचारलं, "काही बोलली का नाहीस?"

"अगं, डोकं दुखत होतं. आणि तू बोललीस ना. होईल सगळं नीट."

मी विश्वास ठेवला. तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही हे मला सुचणंच शक्य नव्हतं.

मे महिन्यात नाशिकला माझ्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. जावं की नाही असं चाललं होतं, कारण पाराचं काही ठरलं नव्हतं आणि वडावर पिल्लं होती. वटवाघळाची मादी पिल्लाला पोटाशी धरून फिरते, आणि ते जड झालं की रात्री फांदीवर ठेवून खायला जाते. खिडकीतून ती पिल्लं स्पष्ट दिसायची, आईच्या पंखाबाहेर डोकं काढून बघणारी. माझ्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "तू बिनधास्त जा ना. बहिणीला आता तुझी गरज आहे. इथे मी आहे." तिने प्रवासासाठी मला दशम्या करून दिल्या.

परत आले तेव्हा दुपार होती. रिक्षा गल्लीत वळली आणि मला आधी कळेना की काय चुकलंय. इतकं ऊन आमच्या गल्लीत मी कधी पाहिलंच नव्हतं. मग वड दिसला. खोड होतं, आणि त्यातून निघालेले काही ठोकळे. फांद्यांचा डोलारा शिल्लकच नव्हता. पारंब्या कापून ढीग केला होता. खाली सिमेंटच्या गोण्या, वाळू, आणि खणून काढलेली, उघडी पडलेली मुळं. धोकादायक फांद्या म्हणून रीतसर परवानगी काढली होती, असं मला नंतर सांगण्यात आलं.

मी फाटकापाशी बॅग खाली ठेवली. वॉचमनने ती उचलली आणि मला म्हणाला, "ताई, तुम्ही नव्हता तेच बरं झालं. बघवत नव्हतं. पिल्लं खाली पडली ना, फांदीबरोबर. कावळे आले, कुत्री आली. मी दोन-चार खोक्यात ठेवली होती, पण नाही जगली."

"कोणी थांबवलं नाही?"

तो जरा गोंधळला. "समोरच्या मॅडम होत्या की इथे. नारळ त्यांनीच फोडला. ताई परत यायच्या आत उरकून टाका, म्हणत होत्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला वाटतं, मी त्याला 'हो, माहीत होतं' असं सांगितलं. काय सांगणार होते? पायऱ्या चढले, बॅग दारात टाकली, आणि समोरची बेल वाजवली.

तिने दार उघडलं. मला बघून तिचा चेहरा उतरला, पण तिने नजर चुकवली नाही, हे तिचं मी मान्य करते.

"आत ये," म्हणाली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू होऊ दिलं असतंस?"

"नसतं."

"म्हणूनच."

"पिल्लं होती गं त्याच्यावर. मी तुला दाखवली होती. तुला माहीत होतं."

"होतं माहीत. पण मला माझ्या नवऱ्याचं बघायचं होतं. पुन्हा तसंच झालं असतं तर? पुन्हा ताटात पडलं असतं तर? वर्षभर मी झोपलेली नाहीये, तुला कल्पना आहे का?"

मी म्हणाले, पूजेच्या वेळी वर एक चादर बांधली असती, मी बांधली असती, स्वतः शिडीवर चढून. ती ऐकेना. शेवटी मी आवाज चढवला, एवढी शिकलेली बाई तू, मुलांना शिकवलंस, आणि वटवाघळाच्या शिटेने माणूस मरतो म्हणतेस? तेव्हा ती म्हणाली, अगदी हळू आवाजात, भांडणाच्या सुरात नाही, "तुला नाही कळणार. तुला नवरा नाही."

इतक्या वर्षांत हे तिने एकदाही म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे, तेव्हा तीच त्यांच्या अंगावर जायची. मी माझ्या घरात आले आणि दार लावलं. मला वटवाघळांसाठी रडायचं होतं, पण मी रडले ते त्या वाक्यासाठी, आणि त्याचाही मला राग आला.

वटवाघळं काही दिवस घिरट्या घालत राहिली. दिवसाउजेडी, वेळीअवेळी. समोरच्या नारळाच्या झाडांना लटकून बघितलं, विजेच्या तारेवर एक चिकटून मेलं. मग ती नाहीशी झाली. माझ्या खिडकीत संध्याकाळी फक्त आकाश राहिलं. मी चहा स्वयंपाकघरात उभ्याने प्यायला लागले.

त्या वर्षीची वटपौर्णिमा जोरात झाली. पार चकाचक, निळे-गुलाबी दिवे, पुढाऱ्याची पाटी, आणि सावलीच नाही म्हणून बायकांच्या डोक्यावर मंडपाचं कापड. लाऊडस्पीकरवर सत्यवान-सावित्रीची कथा चालू होती. फांदी विकत आणू नका म्हणून ज्या झाडाखाली आम्ही बायकांना आणलं, त्याच झाडाच्या सगळ्या फांद्या गेल्या होत्या आणि बायका ठोकळ्याभोवती फेऱ्या मारत होत्या. माझी मैत्रीण सगळ्यांत पुढे होती. तिचा नवरा बाजूला खुर्चीत बसला होता, तब्येत छान. सिगरेट सोडली आहे त्याने, गोळ्या वेळेवर घेतो. ती मात्र म्हणते, बघ, या वर्षी सगळं निर्विघ्न पार पडलं.

माझं आणि तिचं बोलणं बंद झालं असं नाही. समोरासमोरची दारं, अबोला किती दिवस धरणार? दूध उतू गेल्याचा वास आला तर सांगतो, कुरियर घेऊन ठेवतो. ती एकदा आंब्याचं लोणचं घेऊन आली, मी घेतलं. पण मी तिला काही सांगत नाही. ऑफिसातलं नाही, बहिणीचं नाही, रात्री छातीत धडधडतं ते नाही. पूर्वी घरी आल्याबरोबर मी तिला दिवसभराचं सगळं सांगून टाकायचे. आता ते सगळं माझ्यापाशीच राहतं आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

वटवाघळं मला सापडली ती पावसाळा संपल्यावर. मी शोधत होते, खोटं कशाला बोलू. रविवारी सकाळी जुन्या झाडांच्या जागा हिंडायचे, वर बघत, लोकांना धडकत. एका ठिकाणी ओळखीचा वास आला. उंच, जुनी झाडं, भोवती पडकी भिंत, आत माणसांची ये-जा नाही. वर बघितलं तर ती तिथे होती, सगळी नाही, पण बरीच, आणि जागेवरून भांडत होती. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. कुठे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही. रेल्वेच्या कुठल्या बाजूला, तेही नाही. एखाद्या जागेवर प्राणी सुखाने राहायला हवे असतील तर काय काय करावं याची मोठी यादी मला पूर्वी तोंडपाठ होती, आणि सगळ्यांना बरोबर घेऊन ते करावं असं मी लोकांना सांगत सुटायचे. आता मी एकटी जाते, झाडाखाली पडलेला मांजा आणि प्लास्टिक पिशवीत भरते आणि मुकाट्याने परत येते.

गेल्या महिन्यात माझ्या मैत्रिणीची नात सुट्टीला आली होती. तिला शाळेत कुठल्याशा प्राण्याबद्दल बोलायचं होतं आणि तिने वटवाघूळ निवडलं. आजीने तिला तिच्या बाबांच्या लहानपणीच्या, वडावरच्या वाघळांच्या गोष्टी सांगितल्या असणार. संध्याकाळी माझी बेल वाजली. माझी मैत्रीण एकटीच दारात उभी होती. जरा थकल्यासारखी दिसत होती.

"एक विचारू?" म्हणाली. "आपली वाघळं कुठे गेली गं? तुला माहीत असणारच. पोरीला एकदा लांबून दाखवली असती. कोणाला सांगणार नाही मी. शप्पथ."

आपली, म्हणाली ती. ती खरं बोलत होती, हे मला दिसत होतं. तिला नातीला ती दाखवायचीच होती, आणि कदाचित स्वतःलाही बघायची होती. नातीला घेऊन तिघींनी रिक्षाने जावं, असं एक क्षण माझ्या मनात येऊनही गेलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. माझं खोटं तिला पहिल्यापासून लगेच कळतं, आताही कळलं. का बोलले, हे विचारायची तिला गरज पडली नाही.